आठ बसगाड्यांची धर्मआई

तेवाकान, ३ सप्टेंबर १९६४

कोंपाद्रे एवारिस्तो,

हे पत्र मी तुमच्या रेल्वेनं पाठवतेय, माझ्या बसनं नाही. आमचा ड्रायव्हर तिबुर्सिओ स्टिअरिंगवर ठेवून पत्रं वाचतो, आणि आजची बातमी मला माझ्याच तोंडानं गावभर सांगायची आहे. उशिरा पोचलं तर तक्रार तुमच्याच तिकीट-खिडकीवर करा.

तर ऐका. काल सकाळी क्रिसोफोरोशेठ माझ्या ऑफिसात आले. हो, तेच, 'सोनेरी एक्स्प्रेस'वाले. सहा शहरांत बस चालवतात आणि दोन वर्षांत चार छोट्या मालकांना ज्यांनी घरी बसवलं, ते. हातात केकचा खोका आणि हॅट काढून छातीशी धरलेली. मला वाटलं, आता माझ्या तीन गाड्यांचा भाव करणार. मी खुर्चीसुद्धा पुढे केली नाही. तर म्हणतात कसे, "दोमितिलाबाई, तेवाकान-पुएब्ला रस्त्यावर मी आठ नव्या बस आणतोय. तेरा तारखेच्या रविवारी फादर अन्सेल्मो त्यांना आशीर्वाद देतील. त्या आठांची धर्मआई म्हणून तुम्ही उभ्या राहाल का?"

आता बोला! नगराध्यक्षांच्या बायकोला विचारलं नाही, डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. मला विचारलं. नवरा गेला तेव्हा हेच गाव म्हणत होतं, की ही बाई सहा महिन्यांत गाड्या विकून अंडी विकायला बसेल. त्याला अकरा वर्षं झाली.

स्पर्धा होणार, ते मला कळतं. पण माझी सहाची गाडी आहे तोवर मी कुणाला भीत नाही. अंडीवाल्या, टर्कीवाले, कोर्टाची तारीख असलेले, सगळे सकाळी सहालाच निघतात आणि नऊला पुएब्लात असतात. ती वेळ राजधानीतल्या कागदावर माझ्या नावाची आहे. माझ्या सहीशिवाय ती कुणाला मिळत नाही. माझ्या बाकीच्या फेऱ्या त्या एका फेरीच्या जिवावर चालतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

निळा रेशमी झगा शिवायला टाकलाय. तुमची गाडी त्या दिवशी वेळेवर आली (हसू नका), तर जेवायला या; माझ्या लेकीचे धर्मबाप आहात, तुमचं पान राखून ठेवते.

तुमची कोमाद्रे,
दोमितिला


पुएब्ला, ५ सप्टेंबर

कोमाद्रे दोमितिला,

उत्तर तुमच्याच चारच्या बसनं पाठवतोय, कारण आमच्या गाडीनं पाठवलं तर रविवार उलटून जाईल. तिबुर्सिओ, हे वाचत असशील तर आधी रस्त्याकडे बघ.

झगा शिवू नका. शिवला असेल तर दुसऱ्या कुणाच्या लग्नात घाला. ह्या माणसाला 'हो' म्हणू नका.

अत्लिस्कोचा फिलेमोन आठवतो? त्याच्याही पाच बस होत्या. क्रिसोफोरोनं आपल्या मुलीच्या लग्नात त्याला धर्मबाप केलं, आणि जेवणाची पानं उठायच्या आत त्याच्या बसस्थानकाची जागा मागितली. चारचौघांत, गळ्यात हात टाकून, "कोंपाद्रे, तुमच्याशिवाय कुणाकडे मागू?" फिलेमोन काय बोलणार? कोंपाद्रे-कोमाद्रे असं धर्माचं नातं जोडलं की मागितलेलं नाकारता येत नाही. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, पण कोंपाद्रेला नाही म्हणणाऱ्याच्या घरी कुणी पाणी प्यायला जात नाही. आज फिलेमोन चौकात लॉटरीची तिकिटं विकतो, आणि क्रिसोफोरो येता-जाता हॅट उचलून त्याला "कसं काय, कोंपाद्रे?" म्हणतो.

तो तुमच्याकडे सहाची वेळ मागणार. बावीस वर्षं खिडकीत बसलोय, बाई. माणूस कुठलं तिकीट मागणार, ते मला त्याच्या चालीवरून कळतं.

तुमचा,
एवारिस्तो

(रताळ्याच्या वड्यांचा डबा सोबत आहे. बारा वड्या आहेत. तिबुर्सिओनं कमी दिल्या तर विचारा.)


तेवाकान, ७ सप्टेंबर

कोंपाद्रे,

अकरा मिळाल्या.

तुम्हाला काय खुपतंय ते मला समजलं. आठ नव्या बस आल्या की तुमच्या खिडकीसमोर उरलेसुरले प्रवासीही फिरकणार नाहीत. तुमची गाडी पाच तास लावते आणि तेकामाचाल्कोला इंजिन पाणी पिईपर्यंत प्रवासी उतरून जेवून येतात. त्याला मी काय करू? मला मान मिळाला तर तुमच्या पोटात दुखायचं काही कारण नव्हतं.

शब्द दिलाय आणि झगाही शिवून आलाय. यायचं तर या, नाहीतर राहू द्या.

दोमितिला


तेवाकान, १४ सप्टेंबर

कोंपाद्रे एवारिस्तो,

तुमचं पत्र नाही आणि तुम्हीही आला नाहीत. तरी लिहितेय, कारण लिहिण्यासारखं झालंय आणि गावात ज्याला सांगावं असं कुणी उरलेलं नाही.

सोहळा झकास झाला. बँड होता. आठही बस फुलांच्या माळा घालून चर्चसमोर उभ्या होत्या आणि मी निळ्या झग्यात पहिलीजवळ. फादर अन्सेल्मोंना तर तुम्ही ओळखता, त्यांना कुठलंही काम अर्धं करवत नाही. नुसतं पवित्र पाणी शिंपडून थांबले नाहीत. लेकराच्या बाप्तिस्म्याला विचारतात तसं मला मोठ्यानं विचारलं, "ह्यांच्यावर लक्ष ठेवशील? ह्या वाट चुकल्या तर सावरशील?" मी म्हटलं, "ठेवीन. सावरीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच भरून आलं.

मग जेवण. टर्कीचा तिखट मोले-रस्सा पानात पडला आणि क्रिसोफोरोशेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कोमाद्रे, एक बारीकशी गोष्ट. तुमच्या ह्या लेकरांना सकाळी सहाची वेळ मिळाली असती तर! एक सही फक्त."

टेबलावर फादर होते, नगराध्यक्ष होते, डॉक्टर होते. सगळे घास हातात धरून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "कोंपाद्रेला मी नाही म्हणेन का? चार ऑक्टोबरच्या रविवारी, संत फ्रान्सिसच्या सणाला, मिसाची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या दारात उत्तर देते. अशी गोष्ट सणाच्या दिवशी व्हावी." सगळे खूश झाले. तोही खूश झाला.

तुम्ही बरोबर होतात. हे मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा पत्र जपून ठेवा. सही केली तर महिन्याभरात माझ्या तिन्ही गाड्या भंगारात जातील. नाही केली तर अंडीवालीसुद्धा माझ्या बसची पायरी चढणार नाही. पण तीन आठवडे हातात आहेत, आणि मी अजून रडलेली नाही.

तुमची,
दोमितिला


पुएब्ला, १७ सप्टेंबर

कोमाद्रे,

मी गप्प का होतो ते सांगतो. बसून वाचा.

हे सगळं माझ्यामुळे झालं. जुलैत डॉमिनोच्या टेबलावर क्रिसोफोरो माझ्या शेजारी बसला होता. आपली रेल्वे मरतेय, असं सगळे मला चिडवत होते. मला राग आला आणि मी फुशारकी मारली. म्हटलं, रेल्वेचं जाऊ द्या, माझी कोमाद्रे बघा! एकटी बाई, आणि तिची सहाची गाडी रोज उभ्या माणसांनी भरून येते. ती एक फेरी तिच्याकडून काढली तरच कुणी तिला हरवू शकेल. हे शेवटचं वाक्यसुद्धा मीच बोललो. त्यानं माझ्यासाठी बिअर मागवली. मी प्यायलो.

अजून एक आहे. पुढच्या वर्षी माझी खिडकी बंद होणार, असं वरून कळलंय. क्रिसोफोरोनं त्याच्या इथल्या नव्या स्थानकावर मला मुख्य तिकीटबाबू व्हायला बोलावलंय. मी अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही. तुम्हाला नको म्हणून सांगताना हे मी लपवलं.

मला सल्ला द्यायचा अधिकार उरलेला नाही. तरी देतो. सही करू नका. लोक काय बोलायचं ते बोलू देत.

एवारिस्तो


तेवाकान, २२ सप्टेंबर

कोंपाद्रे,

तुमचं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी तुमचं नाव घेऊन अशा शिव्या दिल्या, की तिबुर्सिओनं त्यांतल्या दोन नव्यानं पाठ केल्या. तुम्ही समोर असतात तर लहानपणी केलं होतं तसं तुमच्या डोक्यात चिखल घातला असता, मग कोंपाद्रे असा नाहीतर आर्चबिशप असा. बिअर प्यायलात! निदान ती ओतून तरी द्यायची!

आता ते संपलं. तुम्ही माझ्या लेकीचे, लेओकादियाचे, धर्मबाप आहात. तिला टायफॉइड झाला तेव्हा नऊ दिवस खुर्चीत बसून काढलेत. तेही मी विसरलेले नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र तुमची तीच खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि मी उठून बसले. मुलीच्या धर्मबापाची काही कामं असतात, कोंपाद्रे. मग बसच्या धर्मआईची नसतील का? मागायचा हक्क फक्त त्या शेठलाच आहे? मी भर चौकात "लक्ष ठेवीन" म्हटलंय.

तेव्हा काल सकाळी साडेसहाला मी क्रिसोफोरोशेठच्या आवारात गेले, माझ्या लेकरांना बघायला. वहीसुद्धा नेली होती. चाकं बघितली, दिवे बघितले, आसनाखाली हात घालून बघितला. बाहेर प्रवासी सातची वाट बघत उभे होते. मी जरा मोठ्यानं बोलते, हे तुम्हाला माहीतच आहे.

रोज जाणार आहे. धर्मआईला कोण अडवणार?

दोमितिला


पुएब्ला, २९ सप्टेंबर

कोमाद्रे,

तुम्ही काय मांडलंय तिकडे? इथे बाजारात दुसरा विषय नाही. अंडीवाल्या सांगतात, तीन नंबरच्या दारावर तुम्ही नखानं जरा खरवडलंत तर सोनेरी रंगाखालून राजधानीतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचं नाव निघालं. तुम्ही म्हणे त्या बसला कुरवाळून म्हणालात, "अगं बाळा, तू तर माझ्याहून थोरली निघालीस!" खरं का हो?

आणि पाच नंबरच्या ड्रायव्हरला सगळ्यांसमोर विचारलंत, किती तास झोपलास? तो खरं बोलला, तर त्याला तुम्ही कॉफी पाजून पुन्हा झोपवलंत आणि सातची बस आठला सुटली?

क्रिसोफोरो काल इथे आला होता. चेहरा आंबलेला. म्हणाला, "तुमच्या कोमाद्रेला समजवा." मी म्हटलं, ती तर आता तुमचीही कोमाद्रे आहे, तुम्हीच समजवा. नोकरीचंही त्याच वेळी सांगून टाकलं, की मला नको. पुढे काय करणार ते ठरलेलं नाही, पण काल रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

पण रविवारचं काय, बाई? तपासणी कितीही करा, चर्चच्या दारात तो सही मागणार आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. माझं जेवणात लक्ष लागत नाहीये.

एवारिस्तो


तेवाकान, ५ ऑक्टोबर

कोंपाद्रे,

आता निवांत जेवा. सगळं क्रमानं सांगते.

मिसा संपली. दारात हे एवढे लोक. अंडीवाल्या तर सणाचे कपडे घालून पुढेच उभ्या. क्रिसोफोरोशेठ कागद आणि पेन घेऊनच आले होते. "कोमाद्रे, आजचा दिवस ठरला होता."

मी म्हटलं, "ठरला होता. कोंपाद्रेला मी नाही म्हणत नाही. सहाची वेळ तुमची." आणि पेन हातात घेतलं.

आमचा तिबुर्सिओ पायरीवर मटकन बसला.

मग मी विचारलं, "फक्त एवढं सांगा, सहाला पाठवणार कुणाला?"

"कुणाला म्हणजे? आठांपैकीच एकीला. इथे माझ्या दुसऱ्या गाड्या कुठे आहेत?"

"माझ्या लेकरांना?" मी म्हटलं. "सकाळी सहाला? ह्या थंडीत, धुक्यात? तीन नंबरला एका डोळ्यानं दिसत नाही. चार नंबरचं पुढचं डावं चाक ब्रेक लावला की रडतं. सगळ्या वयस्कर, नुसता रंग तरुण! नाही हो, कोंपाद्रे. वेळ तुम्हाला दिली, पण धर्मआई म्हणून माझं एक मागणं आहे. सातच्या आत माझं एकही लेकरू घराबाहेर पडणार नाही. तुम्हीही कोंपाद्रेच आहात. मला नाही म्हणाल का?"

त्यांनी फादरकडे बघितलं. फादर अन्सेल्मो हनुवटी खाजवत म्हणाले, "क्रिसोफोरो, तिनं देवासमोर शब्द दिलाय. मीच घेतला. लेकराच्या बाबतीत धर्मआईचं ऐकावं लागतं." पाच नंबरचा ड्रायव्हर मागून ओरडला, "बाई नको म्हणत असतील तर मी सहाला बस काढणार नाही!" अंडीवाली पेत्रोनिला म्हणाली, "काढलीस तरी बसतंय कोण?" आणि मग जो हशा झाला तो कोंपाद्रे, तुमच्या खिडकीपर्यंत यायला हवा होता.

क्रिसोफोरोशेठ लाल झाले. पण हसले, हे मान्य करायला हवं. "बरं, कोमाद्रे. सातच्या आत नाही."

"मग सहाची वेळ रिकामी पडेल," मी म्हटलं. "वापरली नाही तर राजधानीवाले काढून घेतील. तुमच्यासाठी म्हणून मी सांभाळू का?"

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "सांभाळा."

कोंपाद्रेनं मागितलं, मी नाकारलं नाही. मी मागितलं, त्यांनीही नाकारलं नाही. आज सकाळी सहाला माझी गाडी निघाली तेव्हा दाराला लटकलेली माणसं मी स्वतः आत ढकलली. मग ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं आणि तीन आठवड्यांचं रडून घेतलं.

आता तुमचं. पुएब्लात माझी तिकिटं फाडायला भरवशाचं माणूस हवंय. पगार रेल्वेपेक्षा कमी, बोलणी जास्त. डॉमिनो खेळायला बंदी नाही, पण टेबलावर तोंड उघडायला आहे. कळवा.

दोमितिला


पुएब्ला, ८ ऑक्टोबर

कोमाद्रे,

पत्र खिडकीत बसूनच वाचलं आणि एवढा हसलो, की रांगेतल्या म्हातारीनं मला पाणी आणून दिलं.

नोकरी मंजूर. एक जानेवारीपासून. तोवर सरकारी रेल्वेचा मी निष्ठावान सेवक आहे, आणि तुमच्या बस खडखडाट करतात असंच म्हणत राहीन.

आवारातली तपासणी मात्र आता बंद करा. जिंकलात. आता त्या आठ खटाऱ्यांशी तुमचा काय संबंध?

एवारिस्तो


तेवाकान, २४ नोव्हेंबर

कोंपाद्रे,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इतके दिवस दिलं नव्हतं. माझ्याकडेच नव्हतं. मीही म्हटलं होतं, झालं काम, आता कशाला जायचं? दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी साडेसहाला पाय आपोआप तिकडे वळले.

शनिवारी मला पुएब्लात काम होतं. आठच्या माझ्याच गाडीत तिबुर्सिओच्या मागे बसले होते. तेकामाचाल्कोच्या अलीकडे उतारावर दाट धुकं, आणि रस्त्याच्या कडेला चार नंबर उभी. क्रिसोफोरोशेठची सातची बस. चाकातून धूर निघत होता. चाळीसेक माणसं घोंगड्या पांघरून कुडकुडत उभी होती, लहान मुलं होती.

बंद पडलेल्या परक्या बसशेजारून जाताना आमचे ड्रायव्हर हॉर्न कसा वाजवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पाच आखूड ठोके, आणि अर्थ म्हणजे आईवरून शिवी. तिबुर्सिओचा हात हॉर्नवर गेलाच होता. मी तो धरला. "थांबव," म्हटलं. "पोरं घे आत. सगळ्यांना घे. कुणाकडून तिकीट मागू नकोस."

"मालकीण, ही त्यांची माणसं आहेत!"

"थांबव म्हणते ना."

कोंबून कोंबून सगळे बसले, एक म्हातारी उरली. तिला मी माझी जागा दिली आणि खाली उतरले. तिबुर्सिओला वाटलं मला वेड लागलं. पण कोंपाद्रे, मी त्या दिवशी फादरना "लक्ष ठेवीन" म्हटलं ते आधी खरं म्हटलं होतं, मग शेठला अडवायला वापरलं, आणि आता ते माझ्या हातून सुटत नाही. ती तिथे एकटी धुक्यात उभी राहणार आणि मी पुएब्लात कापड बघत फिरणार, हे मला जमेना. मी दगडावर बसले, तिच्या चाकाशेजारी. तिचा ड्रायव्हर मेकॅनिकला आणायला गेला.

तासाभरानं क्रिसोफोरोशेठ स्वतः मोटार घेऊन आले. प्रवासी कुठे गेले ते त्यांना वाटेतच कळलं होतं. मला दगडावर बघितलं आणि जागीच थांबले. हॅट काढली. मग अंगातला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि शेजारच्या दगडावर बसले.

"कोमाद्रे," म्हणाले. ह्या वेळी त्यांना काही मागायचं नव्हतं.

मी म्हटलं, "पुढचं डावं चाक. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत."

मेकॅनिक येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आठही बसचे ब्रेक आता बदलून होताहेत, सोमवारी मी उभी राहून बघून आले. चार नंबर उद्यापासून पुन्हा धावतेय. सातलाच.

तुमची,
दोमितिला